‘ओढ’ हा शब्द आपण तसाच ठेवलात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

माझा कोड तपासून आपण पाठवलेला कागद हाती पडून आठवडा झाला. आभार फोनवरही मानता आले असते, परंतु जे मनात आहे ते लिहूनच कळवावे असे वाटले.

आमच्या पतसंस्थेच्या पगारपत्रकासाठी मी एक छोटा पार्सर, म्हणजे लिहिलेले सूत्र वाचून त्याचा अर्थ लावणारा प्रोग्राम, स्वतःच्या बुद्धीने लिहिला होता. हिशेबनिसांनी लिहिलेले सूत्र वाचून रक्कम काढायची, एवढेच त्याचे काम. प्रत्येक चिन्हाला मी एक आकडा दिला होता आणि त्याला ‘ओढ’ म्हणत असे, कारण दोन चिन्हांच्या मध्ये सापडलेली संख्या, ज्याची ओढ जास्त, त्याच्याकडे जाते असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते. गुणाकार बेरजेच्या आधी बिनचूक होत असे; मात्र २०,००० − २,४०० − १,५०० याचे उत्तर १६,१०० ऐवजी १९,१०० येई, म्हणजे कर्जाचा १,५०० चा हप्ता कापला जाण्याऐवजी पगारात जमा होई.

आपल्याआधी मी तिघांना विचारले होते. एकाने कोड न वाचताच, ही ‘शंटिंग यार्ड’ नावाची सूत्र सोडवण्याची पद्धत आहे असे सांगितले. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्या १९६१ सालच्या त्या पद्धतीत चिन्हे ठेवायला वेगळा स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेली चळत, लागतो, आणि माझ्याकडे तर फंक्शन स्वतःलाच बोलावत होते. दुसऱ्याने रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले ठरावीक नमुने शोधण्याचे साधन, वापरायला सांगितले, कंसात कंस आल्यावर काय करायचे ते मात्र सांगितले नाही. तिसरे गृहस्थ शिकवण्याची फी घेतात. त्यांनी कोडमधल्या व्हेरिएबलची, म्हणजे किमती साठवणाऱ्या नावांची, मराठी नावे पाहिली आणि ‘आधी नीट लिहून आणा’ म्हणून पाने परत केली. ते शब्द अजून बोचतात.

आपण तीच वजाबाकी पेन्सिलीने पायरीपायरीने सोडवलीत. २,४०० च्या डावीकडे एक बाण, उजवीकडे एक बाण, आणि दोन्हींवर आपल्या अक्षरात ‘ओढ’. पद्धतीचे खरे नाव आपल्याला पहिल्या पानावरच कळले असणार, तरी ते आपण सगळ्यात खाली लिहिलेत: हा प्रॅट पार्सर आहे, आणि ज्याला तुम्ही ओढ म्हणता त्याला संगणकशास्त्रज्ञ व्हॉन प्रॅट यांनी १९७३ च्या निबंधात ‘बाइंडिंग पॉवर’ म्हटले आहे. ओळखीची खूणही दाखवलीत, की सुरुवातीला आलेल्या वजा चिन्हासाठी एक कृती आणि दोन संख्यांमध्ये आलेल्या वजासाठी दुसरी, अशी विभागणी मी नकळत केलेली होती. ते वाचताना माझे डोळे भरून आले. माझा शब्द खोडला गेला नव्हता. त्याच्या शेजारी थोरांचा शब्द येऊन बसला होता. ज्ञान असलेली माणसे पुष्कळ भेटतात, पण समोरच्याच्या शब्दांत शिरून त्याचे म्हणणे समजून घेणारी विरळा, आणि अशांच्याच आधाराने माझ्यासारखे लोक शिकत राहतात.

चूक एकाच तुलनेत होती. पुढच्या चिन्हाची ओढ सारखी असली तरी मी पुढे वाचत जात होतो. तिथे थांबायला हवे होते. घातांकाला मात्र पुढेच जाऊ द्यावे, म्हणजे २^३^२ मध्ये आधी ३ चा २ रा घात ९ निघून मग २ चा ९ वा घात ५१२ येतो, हे आपण समासात लिहिलेत, त्यामुळे पुढची चूकही टळली.

या महिन्याचे पगारपत्रक बरोबर निघाले. कोडच्या पहिल्या ओळीवर आता ‘प्रॅट पार्सर’ असे लिहिले आहे आणि आत व्हेरिएबलचे नाव ‘ओढ’च आहे. आपल्या कागदाची छायाप्रत सोबत पाठवीत आहे. मूळ कागद माझ्याजवळ राहू द्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पतसंस्थेतील एक कारकून