चेंडू वर उडाला की

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, बाबांचं हे विसरणं हेडिंगमुळं, बॉल डोक्यानं मारून मारून झालं का गं?" नेमके तेव्हाच ते शेजारी येऊन बसले, म्हणून मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायचं माझ्या जिवावर येतं. त्यांना कळत नाही असं वाटतं, पण कधी काय कळेल याचा नेम नाही. म्हणून लिहिते.

आधी दिवाळीतली गोष्ट. तू गाडी घेऊन बाहेर गेला होतास. सकाळीच यांनी चहात साखर म्हणून मीठ घातलं होतं, ते मी गुपचूप ओतून टाकलं. अंगणात आर्यन बॉल उडवत होता. एक बॉल उंच उडून पायरीकडं आला. बाबा खुर्चीतून उठले, दोन पावलं मागं सरले, मान ताठ केली आणि कपाळाच्या मधोमध घेऊन बॉल थेट तुळशीच्या कट्ट्यापलीकडं घालवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! शर्टाचं बटण नीट लावता येत नाही त्याला. आर्यन ओरडला, "आजोबा, अजून एक!" असं सहा वेळा झालं. सहाव्यांदा तो 'थप्प' आवाज आला आणि मी बॉल काढून घेतला. पोरगं रुसलं. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कुणाचं गं हे?"

तो आवाज माझ्या ओळखीचा. लग्न झालं तेव्हा हे तालमीच्या फुटबॉल संघात स्टॉपर, म्हणजे बचावफळीतले मधले खेळाडू होते. पहाटे साडेपाचला गांधी मैदान, मग उद्यमनगरात लेथवर दिवसभर, संध्याकाळी पुन्हा मैदान. समोरच्या गोलीनं (गोलरक्षकानं) लांब किक मारली की ती यांच्या डोक्यावरच यायची. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून लोक ओरडायचे, "डोकं हाय का घण!" मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं व्हायचं, तरी कडेच्या चिखलात यांचा सराव चालायचा. चामड्याचा बॉल पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा. रात्री डोकं दुखतंय म्हणाले की मी बाम चोळून द्यायची.

तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळं वाचल्याशिवाय राहवलं नाही. इंग्लंडचा जेफ ॲस्टल हेडरसाठी नावाजलेला खेळाडू. २००२ साली, ५९ व्या वर्षी गेला. वारंवार बॉल डोक्यावर घेतल्यानं मेंदू झिजला, हा धंद्यातून जडलेला आजार, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला. १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या अकरा जणांपैकी पाच जणांना पुढं स्मृतिभ्रंश झाला, चार्लटन बंधू दोघंही त्यात.

पण पाच नावांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच वर्गात सांगायची. म्हणून ग्लासगो विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास बघ. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची त्याच वयाच्या सुमारे २३ हजार सामान्य लोकांशी तुलना केली. मेंदू झिजण्याच्या आजारानं मरण्याचा धोका खेळाडूंत साडेतीन पट निघाला. आता 'साडेतीन पट' ऐकून छातीत धस्स होतं, पण मूळ आकडे खेळाडूंत शंभरात १.७ आणि इतरांत ०.५ असे आहेत. शिवाय हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं खेळाडू कमी गेले. खेळानं दिलंही आहे रे. त्याच मंडळींनी पुढं खेळाडूच्या मैदानावरच्या जागेप्रमाणे हिशेब मांडला, तेव्हा गोलींचा धोका चारचौघांएवढाच आणि बचावपटूंचा सुमारे पाच पट. ते वाचताना मी चष्मा काढून ठेवला.

मग यांचं हेडिंगमुळं झालं का? मला ठाऊक नाही, आणि कुणी डॉक्टर छातीठोक सांगणारही नाही. डोक्याला वारंवार हादरे बसून होणाऱ्या आजारात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत ठराविक जागी साचतं, पण त्याची खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. यांना साखर आहे, बीपी आहे, दोन्हींनी स्मृती जाऊ शकते. अभ्यासातले ते खेळाडू रोज तेच करून पोट भरणारे, हे लेथ सांभाळून खेळणारे. पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून दोन वर्षं घालवली, त्याचा राग मात्र माझ्या मनातून जात नाही.

आणि तू लहानपणी गच्चीवरून बॉल टाकायचास, बाबा खाली हेड करायचे, ते तुला खातंय हे मला आवाजावरून कळलं. वेडा आहेस का? आठ वर्षांचा होतास. तू टाकला नसतास तर भिंतीवर मारून घेतला असता त्यांनी.

आर्यनचं मात्र आपल्या हातात आहे. त्याचे कोच पोरांना ओळीत उभं करून वीस-वीस हेडर करायला लावतात असं तो सांगत होता. तू कोचना भेट. आताचे बॉल पाणी पीत नाहीत असं ते म्हणतील. खरं आहे, पण कोरडा बॉल तेव्हाही ४१० ते ४५० ग्रॅमचा होता आणि आजही तेवढाच आहे. शंका घेतात ती एखाद्या मोठ्या मारावर नाही, हजारो बारक्या हादऱ्यांवर, आणि ते सामन्यापेक्षा सरावातच जास्त बसतात. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना २०१५ पासून हेडिंग बंद आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. इंग्लंडच्या मोठ्या खेळाडूंनासुद्धा सरावात आठवड्याला जोरकस हेडर दहाच, अशी सूचना २०२१ मध्ये निघाली. आपण काही जगावेगळं मागत नाही. फुटबॉल बंद करू नकोस हं त्याचा. पेठेतल्या घराण्यातलं पोर, फुटबॉल खेळणार नाही तर काय करणार?

रविवारी याल तेव्हा बॉल आण. दोघांना पायानं खेळू दे, मी पायरीवर बसते. येताना स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मोठी कडी घेऊन ये. हे पहाटे पाचला मागचं दार उघडून मैदानाकडं निघतात. परवा दूधवाल्यानं निवृत्ती चौकातून परत आणलं. कडी वर बसवायची आहे, माझा हात पोचेल आणि त्यांना सुचणार नाही इतकी वर.

तुझी,
आई