तक्रार: तुमचा "हलका पण मजबूत" धान्य दरवाजा आणि त्यातून वाहिलेला मका

प्रति,
मॅनेजमेंट (कस्टमर केअर नाही. हे पत्र परत त्यांच्याकडे फॉरवर्ड करू नका, मी तिकडूनच आलोय)

विषय: 20 फुटी कंटेनरचा धान्य दरवाजा, नवीन लाइटवेट मॉडेल. तळाचा बार निसटला, मका सांडला, आणि वर तुमच्या माणसाने मलाच शिकवलं

हा सेट काय आहे ते सांगत बसत नाही, बनवलाय तुम्ही. कंटेनरच्या दारामागे आडवे चौकोनी पाइप, पाइपांना टेकून तो पांढरा पन्हाळी प्लॅस्टिकचा पॅनल, आत लाइनरची पिशवी, वर भरायचं तोंड, खाली काढायचं तोंड. सुटा मका भरायचा, रेल्वेने पाठवायचा, समोरच्याने ट्रेलर तिरका करून खालच्या तोंडातून काढून घ्यायचा. बारदान नाही, शिलाई नाही, हमाली निम्मी. कल्पना चांगलीये, म्हणूनच तर तुमच्याकडे आलो ना. तुमचं जुनं मॉडेल वापरत होतो तेव्हा एक दाणा सांडला नाही, हे पण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर म्हणू नका की गिऱ्हाईक पहिल्यापासूनच कटकट्या होता.

जुन्या सेटमध्ये पाच बार होते. नव्यात चार. हे मला कोणी सांगितलं नाही, माझ्या मुकादमाने पॅकिंग उघडल्यावर मोजून सांगितलं, आणि तुमच्या सेल्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला "सर, नवीन डिझाइन आहे, ऑप्टिमाइझ केलंय". किंमत तीच. म्हणजे एक बार ऑप्टिमाइझ होऊन तुमच्या खिशात गेला.

माल सिल्लोड-कन्नड पट्ट्यातला, वाळवून 14 टक्क्यांच्या आत ओलावा, रिपोर्ट जोडलाय. एका कंटेनरमध्ये 20 टन. गेला तमिळनाडूत नामक्कलच्या बाजूच्या फीड मिलला, कंटेनर ट्रेनने. तिथे दार उघडताना काय झालं त्याचा व्हिडिओ मिलच्या सुपरवायझरने पाठवला, तो तुमच्या तिन्ही ईमेलवर टाकलाय, कुणी उघडून बघितलाय असं वाटत नाही म्हणून लिहितो. उजवं दार आधी उघडतं हे तुम्हाला माहीतच आहे. ड्रायव्हरने सील तोडलं, हँडल उचललं, ते हलेचना. आतून पॅनल फुगून दाराला टेकलेला. मग दोघांनी लोखंडी रॉड घालून हँडल फिरवलं आणि दार असं काही सुटलं की ड्रायव्हर बाजूला उडी मारला म्हणून वाचला. मागे पॅनलचं पोट पुढे आलेलं, सगळ्यात खालचा बार धनुष्यासारखा वाकलेला, त्याचं डावीकडचं टोक खाचेतून निसटलेलं, आणि त्या कोपऱ्यातून मका एकसारखा धो धो खाली. लाइनर तिथेच फाटलेला. यार्डात आदल्या रात्री पाऊस झालेला, चिखल. तो मका मिलने घेतला नाही, घेणारही नाही, मी असतो तरी घेतला नसता. वरून माझ्या पेमेंटमधून वजनाची घट कापली, ट्रेलर अडकून राहिला त्याचं भाडं लावलं, आणि पुढच्या लोडला "गोणीतच पाठवा" असं सांगितलं. म्हणजे ज्यासाठी तुमचा दरवाजा घेतला तेच गेलं.

आता तो फोन. यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसलोय, नाहीतर नुकसान सहन करून गप्प बसणारा माणूस आहे मी.

आधी गाणं ऐकवलं. मग एक मुलगी आली, तिने सगळं ऐकून घेतलं, "सॉरी सर" म्हणाली आणि टेक्निकलला जोडते म्हणाली, परत गाणं. मग टेक्निकलचे एक साहेब आले. त्यांना मी परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, मका जरा दाबून भरला होता का?"

मी म्हटलं, साहेब, मका आहे, गादीतला कापूस नाही. कन्व्हेअरवरून पडतो तसा पडतो. दाबणार कोण आणि कसा?

तर म्हणे, "नाही सर, काही कस्टमर जास्त बसावा म्हणून दाबतात."

मी म्हटलं कोण कस्टमर, नाव सांगा, मला भेटायचंय त्याला.

त्यावर थोडा वेळ शांतता. कीबोर्डचा आवाज. मग म्हणे, "सर, मग ट्रेनने ब्रेक जोरात लावला असेल." मी म्हटलं ट्रेन ब्रेक लावणारच, यार्डात शंटिंग होणारच, डब्याला डबा धडकणारच, रेल्वे आहे ती. तुमच्या ब्रोशरवर पहिल्या पानावर रेल्वेचाच फोटो आहे ना? तर त्या साहेबांनी जे वाक्य टाकलं ते मी शब्दशः लिहून घेतलंय, तारीख-वेळेसकट: "सर, आमचा दरवाजा धान्य अडवायला आहे, धान्याचं वजन घ्यायला नाहीये."

हे वाक्य तुमच्या बोर्ड मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा. धान्य अडवायला, पण वजन घ्यायला नाही. म्हणजे वजन नसलेलं धान्य भरायचं? असं वाण कुठल्या कृषी विद्यापीठाने काढलंय ते पण सांगा, पुढच्या हंगामात शेतकऱ्यांना तेच पेरायला सांगतो. मी विचारलं, मग वजन घेणार कोण? तर म्हणे, "ते कंटेनरचं दार घेतं सर." मी म्हटलं त्या दारासमोर उघडायला माणूस उभा राहतो, त्याच्या अंगावर दार येऊ नये म्हणूनच तर मध्ये तुमचा दरवाजा लावतात. त्यावर साहेब म्हणाले "तुमचा मुद्दा नोट केलाय" आणि फोन कट. नोट केलाय! कुठे, टिश्यू पेपरवर?

मी इंजिनिअर नाही, पण एवढं गणित मका विकणाऱ्यालाही येतं. सुटा मका साधारण 720 किलो घनमीटरला. 20 टन म्हणजे कंटेनरमध्ये जवळपास 2 मीटर उंची. मका पाण्यासारखा पूर्ण दाब आडवा टाकत नाही, उभ्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडा जास्त टाकतो. म्हणजे तळाशी चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास, वर शून्य. तुमचं टेस्ट सर्टिफिकेट काय म्हणतं? पॅनल आडवा ठेवून वर वाळूच्या पिशव्या सारख्या पसरल्या, एकूण 1500 किलो, पास. अहो पास होणारच! दरवाज्यावर एकूण जोर सव्वा टनच येतो, त्यामुळे कागदावर सगळं छान दिसतं. पण 1500 किलो सारखे पसरले की चौरस मीटरला तीनशेही येत नाहीत, आणि आम्हाला तळाला लागतात साडेपाचशे. खालच्या अर्ध्या भागावर एकूण जोराचा पाऊण हिस्सा येतो. आणि तुम्ही चारही बार सारख्या अंतरावर लावलेत, वरच्या बारला काम नाही आणि खालचा मरतोय. जुन्या सेटमध्ये खाली दोन बार एकमेकांच्या जवळ होते, कोणीतरी शहाणा माणूस होता तेव्हा तुमच्याकडे. तो रिटायर झाला का?

आणि हे सगळं गाडी उभी असताना. कंटेनरच्या टोकाच्या भिंतीची आयएसओ 1496 मध्ये, म्हणजे कंटेनरच्या आंतरराष्ट्रीय मानकात, जी टेस्ट असते ती पेलोडच्या (भरता येणाऱ्या जास्तीत जास्त मालाच्या वजनाच्या) 0.4 पट जोराची असते. का असते? कारण रस्त्यावर, बोटीवर, रेल्वेत माल पुढेमागे ढकलतो. तुमचा दरवाजा नेमका टोकाला, म्हणजे शंटिंगचा प्रत्येक धक्का सरळ त्याच्यावर. बाजूच्या भिंतीला असता तर गोष्ट वेगळी. पूर्ण 0.4 पट घेऊ नका, मी तेवढं मागतच नाहीये, पण धक्क्यासाठी काहीतरी शिल्लक तर ठेवा. वाळूच्या पिशव्यांना ब्रेक लागत नाही, गोडाऊनमध्ये शंटिंग होत नाही.

ईमेलला उत्तर एकदाच आलं, त्यात यान्सेनचं सूत्र चिकटवलेलं. 1895 चं जर्मन सूत्र, सायलोत (धान्याच्या उंच कोठीत) धान्याचं बरंच वजन भिंतीच्या घर्षणावर जातं म्हणून खोलीबरोबर दाब वाढायचा थांबतो. बरोबर आहे, उंच आणि अरुंद सायलोत. आमचा कंटेनर आतून साधारण 5.9 मीटर लांब, 2.35 रुंद, आणि मका 2 मीटर. हा सायलो आहे का? रुंदीपेक्षा उंची कमी, तिथे भिंत किती धरणार? सूत्र कुठे लावायचं हे न बघता गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकायचं, मोठं नाव बघून गप्प बसेल म्हणून. नाही बसणार.

ब्रोशरवर या. दुसऱ्या पानावर जुन्या अमेरिकन बॉक्सकारचा (रेल्वेच्या बंद डब्याचा) फोटो आणि खाली "शंभर वर्षांची सिद्ध परंपरा". ही परंपरा मी वाचली, तुमच्यापेक्षा जास्त वाचली असेल. तिथे आणि कॅनडात गहू साध्या बंद डब्यातून जायचा, सरकत्या दरवाज्याच्या आतून लाकडी फळ्या ठोकायचे, वर जागा सोडून तिथून गहू ओतायचे, आणि डब्यात आतून रेघा मारलेल्या असायच्या, कुठलं धान्य किती उंचीपर्यंत. जड फळ्या, ठोकायला-काढायला वेळ, म्हणून पुढे जाड कागदाचे दरवाजे आले, पण कागदात स्टीलच्या पट्ट्या घातलेल्या, जोर त्या पट्ट्या घ्यायच्या. हलका केला तेव्हा त्यांनी पोलाद काढलं नाही, योग्य जागी ठेवलं. आणि तरी गळती ती गळतीच. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या सदर्न रेल्वेने बिग जॉन नावाचे मोठे अॅल्युमिनियमचे हॉपर डबे आणले, वरून भरा, खालून सोडा, दरवाज्याची भानगडच नाही, आणि हळूहळू फळ्या-कागद सगळं मागे पडलं. तुम्ही ज्याची परंपरा सांगताय ती कटकट संपवायला त्यांनी अख्खा डबा बदलला.

आपल्याकडेही पंजाबातल्या मोगामधून सुटा गहू हॉपरमधून चेन्नई-कोइम्बतूरला जातो. पण त्याला दोन्हीकडे सायलो लागतो, अख्खी रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी लागते. माझ्यासारख्याकडे एक-दोन कंटेनरचा माल, मला हॉपर कोण देणार. म्हणून तुमच्यासारख्यांचा दरवाजा लागतो. हलका पाहिजे हे मलाही मान्य, जुना सेट दोन माणसं उचलायची, नवा एक पोरगा खांद्यावर टाकून नेतो, माझ्या लोकांना आवडला होता. वरचा बार बारीक करा, पॅनल पातळ करा, माझी काही तक्रार नाही. तळाच्या दोनातला एक बार कशाला काढला? परत विचारतो कारण याचं उत्तर कोणीच देत नाहीये, पाचातला तळाचाच का काढला? आणि टोकाला अडकवायचा तो हुक, आधी त्याला खिळ घालायला भोक होतं, आता नुसताच खाचेत टेकतो. पाइप वाकला की आखूड होतो, आखूड झाला की निसटतो, एवढंच झालंय इथे, यात ओलावा नाही, दाबून भरणं नाही, ड्रायव्हरचा ब्रेक नाही.

तुमच्या कंपनीचं नाव मी दहा जणांना सांगितलं होतं. आडतवाल्यांना, स्टार्चच्या फॅक्टरीवाल्यांना. आता तेच फोन करून विचारतात "काय झालं हो त्या दरवाज्याचं", व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचलाय, मी पाठवला नाही पण थांबवलाही नाही.

तर आता काय करायचं ते सांगतो. सांडलेल्या मक्याची किंमत, मिलने कापलेली घट आणि ट्रेलरचं भाडं, तिन्ही बिलं जोडली आहेत, ते भरून द्या. माझ्याकडे पडलेले नवे सेट तुमच्या खर्चाने परत न्या आणि जुन्या डिझाइनचे द्या. तोपर्यंत पुढच्या लॉटचं पेमेंट थांबवलंय, अकाउंट्सवाल्यांना रोज फोन करायला सांगू नका. तुमच्या माणसाने मला हेही ऐकवलं की "धंद्यासाठी घेतलंय म्हणजे ग्राहक मंचात जाता येणार नाही". कायदा पाठ आहे त्याचा, दरवाजा नाही. माल विक्री कायदा 1930, कलम 16 त्याला वाचायला द्या, ज्या कामासाठी सांगून घेतला त्या कामाचा माल नसेल तर काय होतं ते त्यात आहे, आणि "रेल्वेने सुटा मका न्यायला" हे माझ्या परचेस ऑर्डरवर लिहिलेलं आहे, तुमच्या शिक्क्यासकट. वकिलाची नोटीस पुढच्या सोमवारी निघेल. त्याआधी फोन करणार असाल तर टेक्निकलच्या त्या साहेबांना देऊ नका, ज्याने तळाचा बार काढायच्या ड्रॉइंगवर सही केली त्याला द्या. आणि बाकीचे सेट ज्यांना विकलेत त्यांना आजच कळवा की दार उघडताना समोर उभं राहू नका, पैशाचं नंतर बघू, एखादा ड्रायव्हर मेला तर त्याचं बिल मी जोडू शकणार नाही.

जोडपत्रं: व्हिडिओ, ओलाव्याचा रिपोर्ट, परचेस ऑर्डर, तीन बिलं, वाकलेल्या बारचे फोटो (बार माझ्याकडे ठेवलाय, मागितला तरी कोर्टाशिवाय मिळणार नाही)