फार्मासिस्ट काउंटरवर उभा राहील अशी सुधारणा हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मेडिकल दुकानांच्या सुधारणेचा विषय निघाला की चर्चा ऑनलाइन विक्री, क्यूआर कोड आणि जनऔषधी केंद्रांची संख्या यांभोवती फिरते. किरकोळ औषधविक्रीत रोज काम करणारे आम्ही नोंदणीकृत फार्मासिस्ट या चर्चेत राहून गेलेली बाजू मांडू इच्छितो. गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारने केलेला जवळजवळ प्रत्येक नियम काउंटरमागे फार्मासिस्ट आहे असे धरून चालतो. तो तिथे राहावा म्हणून लागणारा पैसा आणि अधिकार मात्र कोणी त्याला दिलेला नाही. म्हणून नियम रजिस्टरात पाळले जातात आणि रुग्णाच्या हातात गोळ्या पूर्वीसारख्याच पडतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम ६५ सांगतो की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचे. फार्मसी कायदा, १९४८ चे कलम ४२ तेच बजावते. नमुना २० आणि २१ मधला किरकोळ औषधविक्रीचा परवाना काढताना किमान १० चौरस मीटर जागा दाखवावी लागते आणि फार्मासिस्टचे नावही द्यावे लागते. जागा दुकान सोडून जात नाही, फार्मासिस्ट जातो. फार्मासिस्टचे नोंदणी सर्टिफिकेट भिंतीवर लटकलेले, त्यावरचे नाव दुसऱ्याच गावात नोकरीला, हा प्रकार व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्टची हजेरी आणि बिल या दोन गोष्टी काटेकोरपणे तपासायला लावल्या, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली आणि औषधविक्रेत्यांच्या संघटना बंदच्या तयारीला लागल्या. ती मोहीम योग्यच होती. पण तपासणीचा जोर अधिकाऱ्यावर अवलंबून राहिला, आणि सर्टिफिकेट भाड्याने का दिले जाते या प्रश्नाला तेव्हाही कोणी हात घातला नाही.

त्याचे उत्तर हिशेबात आहे. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ नुसार कमाल किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला खरेदीदराच्या, म्हणजे पीटीआरच्या १६ टक्के मार्जिन धरले जाते. कर बाजूला ठेवला तर १०० रुपयांचा माल ११६ ला विकायचा. समजा एखादे दुकान अशा औषधांची रोज १०,००० रुपयांची विक्री करते. त्यात दुकानाचे सुमारे १,३८०, महिन्याला साधारण ४१,०००. याच पैशातून भाडे, वीज, फ्रिज, बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि परत न गेलेल्या एक्सपायरीचा तोटा भागवायचा. दुकान सकाळी ९ ते रात्री १०.३० उघडे असेल तर आठवड्याचे साडेचौऱ्याण्णव तास होतात. ४८ तासांच्या हिशेबाने एका माणसाला ते शक्यच नाही, किमान दोघे लागतात. दोघांना प्रत्येकी २०,००० द्यायचे म्हटले तरी ४१,००० मधले ४०,००० तिथेच संपले. नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर मार्जिन थोडे जास्त मिळते, पण गणित फारसे हलत नाही. मालक स्वतःच फार्मासिस्ट असेल तर तो दिवसभर राबतो. नसेल तर सर्टिफिकेट भाड्याने घेतो आणि काउंटरवर कमी पगाराचा, हाताखाली शिकलेला मुलगा उभा करतो.

‘औषधांवर २० टक्के सूट’ हे बोर्ड याच हिशेबाने वाचावेत. ११६ वर २० टक्के सूट दिली तर ९२ रुपये ८० पैसे हाती येतात, म्हणजे खरेदीपेक्षा ७ रुपये २० पैसे कमी. स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, सवलतीच्या स्कीममध्ये माल उचलला तरी एवढी सूट सर्रास देता येत नाही. ती दुसरीकडून भरून काढावी लागते, आणि ती जागा म्हणजे कंपनीने थेट दुकानदारासाठी काढलेले, छापील किंमत फुगवलेले जेनेरिक ब्रँड. ग्राहकाला सूट मिळाल्याचे समाधान असते, पण कोणता ब्रँड पुढे सरकवायचा हे त्या पाकिटावरच्या सुटणाऱ्या पैशांवर ठरते. दुकानाचे सगळे उत्पन्न विक्रीतून येत असेल तर ‘ही गोळी तुम्हाला नको’ असे सांगणाऱ्या फार्मासिस्टने स्वतःचेच नुकसान करून घ्यायचे.

फार्मासिस्ट नसला की नेमके काय बिघडते, याचे एक उदाहरण देतो. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर ७.५ मिलिग्रॅम आणि पुढे बारीक अक्षरात ‘वीकली’ असते. काउंटरवरचा मुलगा हाताच्या सवयीने पाकिटावर ‘१-०-०’, म्हणजे रोज सकाळी एक, असे लिहितो. रुग्ण रोज गोळी घेऊ लागला तर थोड्याच दिवसांत तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी घसरतात आणि जीव धोक्यात येतो. प्रशिक्षित माणूस आधी वार विचारतो. पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असे ठळक लिहितो, चार आठवड्यांच्या चारच गोळ्या मोजून देतो, सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या पाकिटात घालतो आणि ‘आता तुम्ही सांगा, कधी घ्यायची?’ असे उलट विचारून घेतो. अंगदुखीसाठी दुसरी कुठली गोळी चालू आहे का, हेही विचारतो, कारण काही वेदनाशामकांनी मेथोट्रेक्सेटचा विषारी परिणाम वाढतो. याला जास्तीत जास्त तीन मिनिटे लागतात. आजच्या व्यवस्थेत त्या तीन मिनिटांची किंमत शून्य आहे.

लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपचेही तसेच. बाटली हलवून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खालपर्यंत घालायचे, जोरात हलवायचे, फेस बसला की खुणेपर्यंत भरायचे. बाटली दुकानातून कोरडीच दिली आणि घरी पाणी खुणेच्या वर गेले, तर प्रत्येक चमच्यात औषध कमी पडते. खुणेखाली राहिले तर जास्त जाते. तयार सिरप किती दिवस टिकते आणि फ्रिजमध्ये ठेवायचे की बाहेर, हे लेबलवर असते, पण ते वाचून सांगणारा कोणी लागतो. फार्मसी प्रॅक्टिस नियमावली, २०१५ मध्ये हे समुपदेशन फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे: औषध कशासाठी, किती, किती दिवस, कसे साठवायचे, डोस चुकला तर काय करायचे. नियमावली चांगलीच आहे. त्यासाठी लागणारा वेळ कोणाच्या खर्चाने द्यायचा, यावर ती गप्प आहे.

शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांची यादी, हे उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ४६ औषधांसाठी वेगळे रजिस्टर आले. त्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या विक्रीच्या वेळीच लिहायची, आणि नोंदी तीन वर्षे जपायच्या. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम ही अँटिबायोटिके, क्षयरोगाची औषधे, चिंता-झोपेवरची अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही सगळी त्या यादीत आली. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मात्र आले नाही, सिप्रोफ्लॉक्सासिनही नाही. ती साध्या शेड्यूल एचमध्ये राहिली. चिठ्ठी त्यांनाही लागतेच, पण वेगळे रजिस्टर लागत नाही. घसा दुखतो म्हणून चिठ्ठीशिवाय आलेल्या माणसाला परत पाठवायचे की नोंद न लागणारी तीन गोळ्यांची स्ट्रिप द्यायची, हा मोह नियमानेच उभा केला. शिवाय विक्रीच्या वेळी भरायचे रजिस्टर दुकान बंद करताना बिलांवरून उतरवले गेले, तर त्याचा उपयोग निरीक्षकाला दाखवण्यापुरताच उरतो. क्षयरोगाच्या बाबतीत हे जास्त खुपते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणे औषधविक्रेत्यांनाही बंधनकारक झाले. रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध घेणारा रुग्ण दुसऱ्या महिन्यात आलाच नाही, हे सर्वांत आधी मेडिकलमध्ये कळते. चौकशी करणारा फार्मासिस्ट तिथे असेल तर एक फोन होतो आणि उपचार अर्धवट सुटत नाही.

बिल हा विषय रूक्ष वाटतो, पण त्यावर मुलांचे जीव अवलंबून असतात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमुळे मुले दगावली. त्याच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. महाराष्ट्राच्या प्रशासनानेही त्या बॅचची विक्री आणि वापर थांबवायला सांगितले. अशा वेळी दुकानाच्या फळीवरचा माल तासाभरात बाजूला काढता येतो. विकून झालेल्या बाटल्यांचे काय? बिलावर बॅच नंबर आणि ग्राहकाचा फोन असेल तर घरी कळवता येते. बिलच नसेल तर परत मागवण्याची साखळी दुकानाच्या उंबरठ्यावर तुटते. स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या की बॅच आणि एक्सपायरी छापलेला कोपरा दुकानात राहतो, रुग्णाकडे निव्वळ चार गोळ्या जातात. त्याच्याकडे त्या गोळ्यांची ओळख सांगणारा एकच कागद उरतो, तो म्हणजे बिल. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर आलेला क्यूआर कोड उपयोगी आहे, पण कापलेल्या स्ट्रिपला तोही वाचवत नाही.

स्वस्त औषधांबद्दल. देशात १५,००० हून अधिक जनऔषधी केंद्रे झाली, याचे आम्हाला मनापासून समाधान आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाचा महिन्याचा खर्च त्यांनी खरोखर कमी केला. अडचण चिठ्ठीत आहे. नियम ६५ मधील उपनियम ११अ म्हणतो की, चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देता येणार नाही, मग त्यात घटक तोच का असेना. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर त्याच घटकाची, त्याच ताकदीची स्वस्त गोळी समोर फळीवर असूनही कायद्याने ती देता येत नाही. सरकार एका हाताने जेनेरिकचा प्रचार करते आणि दुसऱ्या हाताने ते देणाऱ्याला गुन्हेगार ठरवते. व्यवहारात बदल होतोच, पण चोरून होतो, बिलावर नोंद न करता होतो आणि बहुधा जास्त पैसे सुटणाऱ्या ब्रँडकडे होतो. उघड आणि नोंदवलेला बदल त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. फिनिटॉइन, थायरॉक्सिन, वॉरफरिन यांसारख्या, थोड्या फरकानेही बिघाड करणाऱ्या औषधांना त्यातून वगळावे.

घरपोच औषधांचे घोंगडेही भिजत पडले आहे. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ चा, अंतिम नियम अजून नाहीत. मध्यंतरी २६ मार्च २०२० रोजी करोनाकाळासाठी घरपोच सेवेची परवानगी निघाली. तिच्यात विचार होता: शेड्यूल एच-१, त्याहून कडक शेड्यूल एक्स आणि अमली औषधे वगळलेली, त्याच महसुली जिल्ह्यात पोहोचवणे, जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आत आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आत आलेली असणे. या मर्यादा किती जण पाळतात हे पाहायला माणूस कुठे आहे? २ ते ८ अंश तापमानात राहायला हवे ते इन्सुलिन मे महिन्याच्या दुपारी मोटारसायकलच्या डिकीतून गेले, तर ते खराब झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही. साखर वाढली की दोष रुग्णाच्या जेवणाला लागतो.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजना सुरू झाली. घसादुखी, सायनसचा त्रास, नागीण, स्त्रियांमधील साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींसाठी रुग्ण थेट फार्मासिस्टकडे जातो आणि प्रत्येक सल्ल्यामागे दुकानाला सुरुवातीला १५ पौंड मिळत, एप्रिल २०२५ पासून १७ पौंड मिळतात. औषध दिले नाही तरी मिळतात. तिकडचीही दुकाने आर्थिक ताणाखाली आहेत आणि करांच्या पैशातून चालणारी त्यांच्यासारखी राष्ट्रीय आरोग्यसेवा आपल्याकडे नाही, त्यामुळे योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. सल्ल्याचा मोबदला विक्रीपासून वेगळा काढणे मात्र इथेही जमण्यासारखे आहे.

राज्य सरकारच्या हातात असलेली कामे आधी व्हावीत. प्रत्येक बिलावर त्या वेळी हजर असलेल्या फार्मासिस्टचे नाव आणि राज्य औषधी परिषदेचा नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे करावे. एकच क्रमांक एकाच वेळी दोन दुकानांच्या बिलांवर आला तर सॉफ्टवेअरमधून तो लगेच पकडता येईल, निरीक्षकाला दारोदार फिरावे लागणार नाही. क्षयरोगाच्या खासगी रुग्णांना महिन्याची औषधे देऊन, समजावून, नोंद करणाऱ्या दुकानाला प्रत्येक भेटीमागे ठरावीक सेवाशुल्क सरकारने द्यावे. एक-दोन जिल्ह्यांत वर्षभर करून पाहिले तर अर्धवट उपचार सोडणारे किती कमी झाले ते मोजता येईल. केंद्राकडे दोन मागण्या राज्याने नेटाने लावून धराव्यात: उपनियम ११अ मध्ये दुरुस्ती करून रुग्णाच्या संमतीने आणि बिलावर नोंद करून तोच घटक, तीच ताकद, तोच प्रकार देण्याची मुभा, आणि एच-१ च्या यादीत अ‍ॅझिथ्रोमायसिनसह तोंडाने घ्यायची सर्व अँटिबायोटिके.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी औषध घेताना फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा, बॅच नंबर असलेले बिल मागा, आणि गोळी कधी घ्यायची ते त्याच्याकडून पाकिटावर लिहून घ्या.

आपले,
किरकोळ औषध दुकानांत काम करणारे काही नोंदणीकृत फार्मासिस्ट