बी विंगमागचं गवत लव्हाळा नाही: तणनाशकाच्या कोटेशनबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती
विषय: तणनाशक फवारणी थांबवून आधी गळती शोधण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

बी विंगमागे, पाण्याच्या टाकीपासून ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत माजलेल्या गवतावर फवारणी करण्याचं कोटेशन नोटीस बोर्डावर वाचलं. ठेकेदाराने त्यात ‘लव्हाळा’ लिहिलं आहे. हा लव्हाळा नाही. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवली की तीन धारा लागतात आणि खाली मातीत गाठी सापडतात. इथली काडी गोलसर-चपटी, बुडाशी जांभळट, जमिनीला टेकलेल्या पेरांतून मुळं फुटलेली. पातं काडीपासून सुटतं तिथे बहुतेक गवतांना बारीक पापुद्रा किंवा केसांची झालर असते. इथे ती जागा अगदी कोरी आहे. काही पात्यांवर जांभळे आडवे पट्टे आहेत. तुऱ्यात आखूड कणसं, दाणे ओळींत दाटलेले, कुसळ नाही. हा रानसावा, शास्त्रीय नाव एकायनोक्लोआ कोलोना. आपल्याच मातीतलं गवत. सावा हे भरडधान्य भारतात यातूनच घडलं. (ग्रुपवर कुणी याला गाजर गवत म्हणालं. ते मुळात गवतच नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे.)

फरक पैशांचा आहे. रानसावा एका हंगामाचा, बियांवर वाढणारा. फवारणीने वरचं जळेल, मातीतलं बी तसंच राहील. ओल्या मातीतून तो हाताने मुळासकट निघतो; माळीकाकांनी तुरे पिकायच्या आत उपटावा आणि पिकलेले तुरे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

पण खरा प्रश्न वेगळाच. मे महिना आहे, लॉन वाळलंय, टँकर मागवतोय आणि पाण्याचा थेंब न घालता तिथे हिरवंगार! रानसाव्याला ओल लागते आणि उकरलेली माती मानवते. पाइपलाइनसाठी खणलेला चर तिथेच धड न बुजवता सोडला आहे. ओल टाकीची की चेंबरची, हे आधी कळायला हवं. रात्री टाकीत येणारं-जाणारं पाणी बंद करून पातळीवर खडूने खूण करा. सकाळी पातळी उतरली तर टाकी गळतेय. नाही उतरली तर चेंबर उघडून बघावा लागेल, कारण पिण्याच्या पाण्याशेजारी सांडपाणी मुरणं जास्त वाईट.

तोवर कोटेशन मंजूर करू नये, ही विनंती. ओळखीबद्दल शंका असल्यास कोरेगाव पार्कजवळच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात नमुना दाखवता येईल. मीटिंगला मी रानसावा आणि लव्हाळा दोन्ही आणते. लव्हाळा ए विंगच्या गुलाबांच्या वाफ्यात भरपूर आहे. तिकडे मात्र ठेकेदाराचं लक्ष गेलेलं नाही.

आपली,
बी विंगमधील एक सभासद