स्वातंत्र्याचं बिल कुणी पास केलं?

संपादक साहेब, नमस्कार.
परवा चार हुतात्मा चौकात चहा पिताना एक पोरगं म्हणालं, चर्चिलने आपल्याला स्वातंत्र्य दिलं. अहो कसलं काय! १९४५ च्या ब्रिटनच्या इलेक्शनमध्ये चर्चिलच्या पक्षाला लोकांनी घरी बसवलं, अ‍ॅटलींच्या (तेच मग पंतप्रधान झाले) मजूर पक्षाचे ३९३ खासदार आले आणि त्याच पार्लमेंटने आपलं बिल ४ जुलै १९४७ ला मांडून १८ जुलैला कायदा पण करून टाकला, म्हणजे दोनच आठवडे, एवढ्यात आमच्या गल्लीतला फुटका नळ पण दुरुस्त होत नाही. तेव्हा त्यांच्याकडे ब्रेडवर रेशनिंग होतं, जे युद्धात पण नव्हतं! तरी १९४८ ला सगळ्यांसाठी फुकट उपचार सुरू केले. १९५० च्या इलेक्शनला मात्र मजूर पक्षाचं बहुमत जेमतेम ५ वर आलं. ज्यांच्या नावाचा हा चौक त्या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ ला फाशी झाली हे त्या पोराला पाठ होतं, तेवढं बरं वाटलं.

- एक वाचक, सोलापूर