पद्मिनीचा गंज काढताना

पुणे,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या गंजलेल्या भागांचे तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. बोनेटची बिजागरं, बॅटरीचा ट्रे, जॅक आणि बंपरचे ब्रॅकेट नक्की वाचतील. कुर्ल्याला पद्मिनी बनायची थांबून वीस वर्षं उलटून गेली, त्यामुळे हे तुकडे जपायलाच हवेत. गंज जावा, पण खालचं चांगलं लोखंड जाऊ नये, एवढं धरून चाल. म्हणूनच ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सुरुवात करू नकोस. तो वरचा भाग चकचकीत करतो, पण खड्ड्यांच्या तळाशी पोचत नाही. उलट तिथला गंज दाबून गुळगुळीत करतो आणि आपल्याला वाटतं, साफ झालं.

आधी सुटे पापुद्रे पट्टीने खरवडून काढ. मग डिझेल आणि ब्रशने ग्रीस काढ, आणि त्यानंतर भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धू. हे टाळू नकोस. तेलाचा पातळ थर राहिला तरी गंज काढायचं ॲसिड तिथे लागत नाही आणि तुकडा चट्ट्याचट्ट्यांनी साफ होतो.

या छोट्या भागांना लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे. प्लास्टिकच्या टबात १० लिटर गरम पाणी घे आणि त्यात अर्धा किलो लिंबूसत्व विरघळव. ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं नको. तुकडा पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला तर पाण्याच्या रेषेवर लोखंड खाल्लं जातं आणि तिथे कायमची खाच पडते. दर दोन तासांनी बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशने घास. हलका गंज तीन-चार तासांत जातो, जाड गंजाला दहा-बारा तास लागू शकतात. साफ झालेल्या भागावर बारीक बुडबुडे सतत येऊ लागले, की ॲसिड आता गंजाऐवजी लोखंडच खातंय असं समज आणि तुकडा बाहेर काढ. वर काळपट थर दिसेल. तो पुसला की निघतो.

संडास धुवायचं ॲसिड वापरायचा मोह होईल, कारण ते काही मिनिटांत काम करतं. पण ते गंज आणि लोखंड यांत फरक करत नाही, आणि त्याच्या वाफेने खोलीतले पाने-पकडीसुद्धा गंजतात. ते घरात आणूच नकोस.

जॅकसारख्या जाड, खडबडीत भागाला विजेची पद्धत जास्त चांगली, कारण तिच्यात चांगलं लोखंड खर्ची पडत नाही. प्लास्टिकच्या पिंपात दर १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा टाक. मीठ अजिबात नको, त्याने क्लोरीन वायू सुटतो. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार तुकड्याला जोड आणि धन तार भोवती उभ्या केलेल्या साध्या सळयांना. हे उलटं झालं तर तुझा जॅकच विरघळेल. सळीच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नकोस, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. धन टोकाचा चिमटा पाण्याबाहेर ठेव. चार्जर जुना, ट्रान्सफॉर्मरचा हवा. नवे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत. प्रवाह दोन ते पाच अँपिअर पुरे. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे पडवीतच कर, आणि हात घालण्याआधी चार्जर बंद कर.

पण पाट्यांच्या स्प्रिंगा, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यांना ॲसिडही नको, वीजही नको. हायड्रोजन पोलादात शिरतो, ते ठिसूळ होतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग भार आल्यावर ते एकदम तुटतं. स्प्रिंगा हाताने तारेच्या ब्रशने साफ कर आणि तसले बोल्ट नवेच घे. ब्रेकचे गंजलेले पाइपही साफ करत बसू नकोस, बदल. कार्ब्युरेटर यातल्या कुठल्याच टबात जाता कामा नये. त्याचा धातू लोखंड नाही, तो खाल्ला जाईल.

खरी घाई साफ झाल्यानंतर आहे. ॲसिडमधून काढलेलं ओलं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. म्हणून दुसरा टब आधीच तयार ठेव: १० लिटर पाणी, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. त्यात पाच मिनिटं बुडव, म्हणजे उरलेलं ॲसिड मरेल. पुढची पायरी इथे पुण्यात एक वेळ सोडली तरी चालेल, तुझ्या रत्नागिरीत नाही. खाऱ्या हवेतलं मीठ खड्ड्यांच्या तळाशी बसलेलं असतं. ते राहिलं तर रंगाखाली पुन्हा गंज धरतो आणि फोड येतात. त्यासाठी तुकडा कढत पाण्यात तासभर ठेव, पाणी दोनदा बदल, आणि शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने कर. कढत पाण्यातून निघालेलं लोखंड स्वतःच्या उष्णतेनेच वाळतं. सांध्यांत हेअर ड्रायरने हवा मार.

वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरव, थिनरने पूस, आणि तासाभरात दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मार. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर ओलावा पूर्ण अडवत नाही, त्यावर रंग हवाच. बिजागराच्या पिना मात्र रंगवू नकोस, त्यांना ग्रीस लाव. हे सगळं आता कोरड्या हवेत उरक.

चाकाच्या रिमबद्दल फोटोवरून काही सांगता येत नाही. बोल्टच्या भोकांभोवतीचा गंज हाताने काढ आणि भिंगाने पाहा. केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती रिम भंगारात दे. खड्डे किती खोल आहेत ते मोजून कळव, मग पुढचं ठरवू.

तुझा,
विनू