दुसऱ्यांदा पाणी दिलं नाहीत म्हणून

आदरणीय पाळकसाहेब,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेल्यापासून हे पत्र मनात घोळत होतं. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पावसापाण्याचा विषय काढता, म्हणून लिहून टाकते. उघडच लिहिते, कारण आमच्यासारखं घर प्रत्येक मंडळीत एखादं तरी असतंच. धाकट्या भावाला विचारलं होतं. "नाव सोडून काय लिहायचं ते लिही," म्हणाला.

त्याचं पिणं हाताबाहेर गेलं तेव्हा घरी माणसं पुष्कळ आली. कुणी उपास-प्रार्थना धरली, कुणी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आज्ञा केली, कुणी आजच्या आज बाटली सोडायची शपथ घ्यायला लावली. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. तुम्ही आलात आणि आधी त्याला विचारलंत, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? मग त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलंत, की रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. शपथ नंतर, डॉक्टर आधी. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरलं तेव्हा त्याच्या शेजारी एस.टी.त तुम्ही बसलात. मंडळीत थोडी कुजबुज झाली, पाळकांचाच प्रार्थनेवर विश्वास नाही म्हणून. त्या रविवारी तुम्ही एलीया संदेष्ट्यावर उपदेश केलात. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत बसला होता आणि देवदूताने त्याला बोध वगैरे काही केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो चाळीस दिवसांच्या वाटेनंतर, होरेब डोंगरावर. कुजबुजीला उत्तर म्हणून तुम्ही एवढंच केलंत.

तो परत आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता मंडळीपुढे साक्ष, टाळ्या, गाणं. तुम्ही त्याला शंभर पानी वही आणायला सांगितलीत. कुणाकुणाचं देणं आहे ते त्याने आपल्या हाताने लिहायचं. पतसंस्थेचा हप्ता, किराणावाला, मेव्हण्याकडून "मुलाच्या फीसाठी" म्हणून घेतलेले पैसे, वहिनीच्या पाटल्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला बाप्तिस्मा करणारा योहान तुम्ही त्याला तेव्हा वाचून दाखवलात. लोक विचारतात, आम्ही काय करावं? तर दोन अंगरखे असलेल्याला तो एक देऊन टाकायला सांगतो, जकातदारांना ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो, शिपायांना म्हणतो जुलूम करू नका, पगारात भागवा. रडा असं कुणालाच सांगत नाही. ज्याचा जो धंदा, त्यातच त्याचा पश्चात्ताप. धाकट्याचा धंदा म्हणजे छोटा हत्ती. तेव्हा ठरलं की भाड्याचे पैसे रोज रात्री वहिनीच्या हातात आणि गाडीची दुसरी किल्लीही तिच्याचकडे. ज्यांचं देणं होतं त्यांच्या दारात मात्र त्याला एकट्याला पाठवलं नाहीत. बरोबर गेलात, बाहेर चपलांपाशी उभे राहिलात. मोशेच्या नियमात मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यायला सांगितलाय, जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला. तुम्ही त्याला म्हणालात, तू आधी मुद्दल फेड.

वहिनीच्या वतीनेही आभार मानायचे आहेत, आणि ते तिने मला बजावून सांगितलंय. सगळे तिच्या मागे लागले होते, आता सुधारलाय ना, माफ कर, ख्रिस्ती बाईने मनात धरू नये. बायकांनाच हे फार सांगितलं जातं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उलट त्याला म्हणालात, पाटल्या परत येईपर्यंत तिच्यापुढे क्षमेचा शब्द काढायचा नाही. ती सांगते, त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की कुणी तिच्याही बाजूने प्रार्थना करतंय.

मग ती हळद झाली. चुलतभावाच्या लग्नात तो पुन्हा प्यायला, आणि एका रात्रीत आमचं सगळं उभारलेलं खाली आलं. सकाळी तो तुमच्या दारात आला ते एकच धरून, मला पुन्हा बाप्तिस्मा द्या. शेजारच्या फेलोशिप मंडळीतल्या मुलांनी त्याला सांगितलं होतं, की तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी कसलं, बुडवून घे, जुना माणूस तिथेच मरेल. ती मुलं भली आहेत, त्याला आजही भेटतात, त्यांचा विश्वास तसा आहे. तुम्ही नाही म्हणालात. मला राग आला होता तुमचा, खरंच सांगते. एका माणसाला एवढा आधार मिळतोय तर यांचं काय जातंय?

तुम्ही वाद घातला नाहीत. १९७० साली नागपुरात आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी बुडवून देणारे असे दोन्ही त्यात आले, दोन्ही रीती राहिल्या, फक्त एकदा झालेला पुन्हा द्यायचा नाही, एवढं तुम्ही मला नंतर समजावलंत. त्याला वेगळंच सांगितलंत. कॉन्स्टंटाइन बादशहाने बाप्तिस्मा घेतला तो थेट ३३७ साली, मरणाच्या तोंडावर. त्या काळी पुष्कळजण असंच लांबवायचे, पाण्यानंतर पाप झालं तर काय या धास्तीने. "पाण्यानंतर पडायचंच नाही असं तुला हवं असेल तर तूही खाटेवर पडेपर्यंत थांब," म्हणालात. तो त्या अवस्थेतही हसला.

आणि मग येशूचा शिष्य पेत्र. येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला तो, तेही कोळशाच्या विस्तवापाशी शेकत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, न्याहारी झाल्यावर प्रभू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? पुन्हा पाण्यात उतर असं म्हणत नाही, कामाला लावतो, माझी मेंढरं चार. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झालाच होता, चांदीची तीस नाणी त्याने परत नेली, पाप केलं असं तोंडाने कबूलही केलं. पण तो गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच निघाला. पेत्र रडला, पण बाकीच्यांतच राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायलाही गेला. तुम्ही धाकट्याला विचारलंत, "काल रात्री प्यायल्यावर तू आज सकाळी कुणाकडे आलास?" तो म्हणाला, तुमच्याकडे. "मग झालं तर. तुझ्या आईने तुला तान्हेपणी बाप्तिस्म्याला उगाच उचलून आणलं नव्हतं."

हे मला पटायला वेळ लागला. पण पुन्हा पाणी दिलं असतं तर प्रत्येक घसरणीला नवं पाणी लागलं असतं, आणि आधीचं प्रत्येक खोटं ठरलं असतं. तुम्ही पाणी दिलं नाहीत म्हणून आईने दिलेलं खरं राहिलं. दारू प्यायलेल्या रात्रीही तो बाप्तिस्मा झालेलाच माणूस होता, हे ऐकून त्याच्या अंगात जे बळ आलं ते मी पाहिलंय.

परीक्षेबद्दल तुम्ही सांगितलेलं तर आता घरात म्हणीसारखं झालंय. मार्क लिहितो, यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर आल्याबरोबर आत्म्याने येशूला रानात घालवलं. आकाशातून "माझा पुत्र" ऐकू आलं आणि पाठोपाठ सैतान. म्हणजे मोह आला म्हणून बाप्तिस्मा फुकट गेला असं नाही, क्रमच तसा आहे. आणि सैतानाने आधी भाकरच पुढे केली, चाळीस दिवसांच्या भुकेल्याला. यावरून तुम्ही काढलेला अर्थ कुठल्या टीकाग्रंथात असेल की नाही कोण जाणे: संध्याकाळी सहाला पोटभर जेव. दिवसभर गाडी हाकून उपाशीपोटी अड्ड्यावरून जायचंच नाही. येशूने तिन्ही वेळा मोशेच्या 'अनुवाद' या पुस्तकातलंच वचन दिलं, तेव्हा तूही एकच वचन पाठ कर, दहा नको, वेळेवर आठवत नाहीत. आणि वचन आठवलं नाही तर फोन कर. रात्री अकराला, एकदा तर पहाटेच्या भजनाआधी, फोन तुम्हीच उचललात. बाईसाहेबांची झोप कितीदा मोडली असेल, त्यांचेही आभार.

लूक शेवटी लिहितो की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. धाकट्याला हे वाक्य फार आवडतं. निदान कुणी खोटं सांगत नाही, म्हणतो. नाताळ आणि एकतीस डिसेंबर त्याला अजून जड जातात. लग्नाच्या हळदीला तो जेवण पोचवून परत येतो, थांबत नाही. ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगला जातो. वहीतली दोन नावं अजून शिल्लक आहेत. पाटल्यांपैकी एक आली, दुसरीसाठी भिशी लावलीय. वहिनी अजून माफीबद्दल काही बोललेली नाही, आणि तोही विचारत नाही.

आता कामाचं. त्यांना मुलगी झाली, हे तुम्हाला कळलंच असेल. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा ठरलाय. नवे पाळक म्हणाले, साहेब आले तर पाणी त्यांच्याच हातून होऊ दे. सैतानाचा आणि त्याच्या कर्मांचा त्याग करतोस काय, या प्रश्नाला तिच्या वतीने उत्तर धाकट्याने द्यायचंय आणि त्याचा आतापासून घसा सुकतोय, तेव्हा आदल्या दिवशीच या. स्टँडवर तो गाडी घेऊन उभा राहील. बाईसाहेबांना पुढच्या सीटवर बसवू, तुम्हाला मागे हवा खात यावं लागेल. गुडघ्याचं औषध आणायला विसरू नका.

तुमची,
धाकट्याची थोरली बहीण